जथा, फड, पार्टी, पथक : नांदेड-लातूरच्या वाजवणाऱ्यांचा इतिहास

#थ्रेड #मराठवाडा #लोकसंगीत

१/ नांदेड किंवा लातूरमध्ये ‘बँड’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर येते ती लग्नाची वरात. लाल-पिवळे कोट, क्लॅरोनेट, ट्रम्पेट आणि ढोल. समूहाने गाणाऱ्या-वाजवणाऱ्या इतर मंडळींना मात्र इथे कोणी बँड म्हणत नाही. गुरुद्वाऱ्यात असतो तो जथा, यात्रेत फड, दर्ग्यात चौकी, देवळात मंडळ, जयंतीला गायन पार्टी आणि मिरवणुकीत पथक.

२/ या प्रत्येक नावामागे एक प्रश्न दडलेला आहे. वाजवणाऱ्याला बोलावणारा कोण, पैसे देणारा कोण, आणि ‘आज वाजवणार नाही’ असे म्हणण्याची मुभा वाजवणाऱ्याला होती का? या दोन शहरांच्या परिसरातील संगीतसमूहांचा इतिहास मुख्यतः या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास आहे.

३/ आधी भूगोल. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नांदेड हे जिल्ह्याचे ठाणे. लातूर ही उस्मानाबाद जिल्ह्यातील मोठी बाजारपेठ, स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली. कलावंतांना पोसणारा दरबार दूर हैदराबादेत होता. त्यामुळे येथील वादक-गायकांचा पोशिंदा ठरला तो देव, पीर, यात्रा, लग्नघर आणि गाव.

४/ सर्वांत शिस्तबद्ध समूह म्हणजे नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबमधील रागी जथा. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी गोदावरीकाठी येथेच देह ठेवला. आजची मुख्य वास्तू महाराजा रणजितसिंग यांच्या आश्रयाने १८३२ ते १८३७ या काळात उभी राहिली. जथ्यात बहुधा तिघे असतात : दोघे पेटीवर गाणारे, एक तबल्यावर. गायचे काय आणि कोणत्या रागात, याची चौकट ग्रंथातच आखलेली आहे, कारण गुरू ग्रंथसाहिबाची मुख्य रचनाच ३१ रागांनुसार आहे.

५/ या ग्रंथात संत नामदेवांची ६१ पदे आहेत. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानले जाणारे नरसी नामदेव हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात, नांदेडपासून फारसे दूर नाही. म्हणजे एकाच संताची वाणी नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात पेटी-तबल्यावर रागात ऐकू येते आणि आसपासच्या गावांत टाळ-मृदंगावर अभंग म्हणून. कवी एक, समूह दोन, आणि दोघांचे श्रोते बहुतेक वेगळे.

६/ लातूरकडे वळले की मंडळांचा प्रदेश सुरू होतो. औसा येथील नाथ संस्थानाची चक्रीभजनाची परंपरा महाराष्ट्रात विशेष मानली जाते. भजनकरी एका जागी बसून गात नाहीत. पावलांच्या ठेक्यावर गोलाकार फिरत गातात. माघ महिन्यात हे भजन पंढरपुरातही होते. या परिसरातील वीरशैव-लिंगायत समाजात कपिलधारच्या मन्मथस्वामींचे मराठी अभंग गाणारी शिवभजनी मंडळे आहेत. टाळ-मृदंग वारकऱ्यांसारखेच, उपास्य वेगळे.

७/ मंडळाचे वैशिष्ट्य असे की तेथे गाणारा हा प्रथम भक्त असतो, मग कलावंत. बिदागी ठरवली जात नाही. एकादशीला शेतकरी, शिंपी, शिक्षक एकत्र बसतात आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या कामाला जातात. आजारपण असले, शेतात काम असले, तर न येण्याची मोकळीक असते. हे स्वातंत्र्य साधे वाटते. पण पुढे ज्या वादकांचा उल्लेख येईल, त्यांच्या वाट्याला ते शतकानुशतके आले नव्हते.

८/ नांदेड जिल्ह्यातील कंधार येथे हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा आहे. उरुसात येथे कव्वालीच्या चौक्या बसतात. चौकीत एक मुख्य गायक, त्याला जाब देणारे साथीदार, पेटी, ढोलक आणि टाळ्या. दखनी उर्दूच्या या मुलखात कव्वाली ही केवळ मुसलमानांची कधीच राहिली नाही. तिचा साचा पुढे एका अगदी वेगळ्या चळवळीने उचलला. त्याकडे वळण्यापूर्वी यात्रेची वाट घ्यावी लागते.

९/ नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा तालुक्यात माळेगाव आहे. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून येथे खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट यांचा मोठा बाजार, कुस्त्या आणि गाणे. वाघ्या-मुरळी दिमडी आणि तुणतुण्यावर जागरण घालतात. कनातींमध्ये तमाशाचे फड आणि संगीतबाऱ्या उतरतात. अलीकडच्या काळात जिल्हा परिषदेच्या वतीने लावणी महोत्सवही भरतो.

१०/ फड आणि बारी यांत फरक आहे. ढोलकी फडाच्या तमाशात गण, गवळण, बतावणी आणि वग असतो. ढोलकीवाला, तुणतुणेवाला, सोंगाड्या, सरदार असा मोठा लवाजमा गावोगाव फिरतो. संगीतबारीत लावणीला केंद्रस्थान असते. पेटी, तबला, ढोलकी आणि गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रिया. फडाचा खेळ तिकिटावर किंवा गावाच्या सुपारीवर होतो, बारीचे पोट बरेचसे दौलतजाद्यावर चालते.

११/ माहूरच्या रेणुकेच्या प्रदेशात गोंधळी आहेत. संबळ, तुणतुणे, झांज आणि हातात दिवटी. लग्न झाले की कुलदेवतेचा गोंधळ घालण्याची रीत असल्याने त्यांना बोलावणे हे यजमानाचे कर्तव्य ठरते. येथे गरज दोघांची आहे. यजमानाचा कुळाचार गोंधळ्याशिवाय पुरा होत नाही, म्हणून गोंधळ्याला ‘मान’ आहे.

१२/ या निरनिराळ्या जगांमध्ये ये-जा नव्हती असे नाही. दासगणू महाराज (१८६८-१९६२) यांचे उदाहरण बोलके आहे. तरुणपणी पोलीस शिपायाची नोकरी, तमाशाची आवड, लावण्यांची रचना. पुढे ते संतचरित्रांचे कवी आणि कीर्तनकार झाले. त्यांची समाधी नांदेड जिल्ह्यातील गोरटे येथे आहे. फडातील शब्दकळा कीर्तनात गेली, आणि समाजाने ती आदराने स्वीकारली. अर्थात ही वाट उच्चवर्णीय कवीला खुली होती. फडातील ढोलकीवाल्याला ती सहसा मिळाली नाही.

१३/ आता हलगी. मराठवाड्यात तिला डफडेही म्हणतात. कड्यावर ताणलेले कातडे, उजव्या हातात आखूड जाड टिपरू, डाव्या हातात लवचिक बारीक काडी. वाजवण्यापूर्वी ती जाळावर शेकावी लागते. कातडे तापले की आवाज खणखणीत होतो. कुस्तीचा फड, पोळ्याची मिरवणूक, देवीची जत्रा, लग्न, अंत्ययात्रा आणि सरकारी दवंडी, यांपैकी काहीच हलगीशिवाय होत नसे.

१४/ एवढे अपरिहार्य वाद्य, पण वाजवणाऱ्याला गोंधळ्याचा मान नाही. हलगी प्रामुख्याने मांग समाजाकडे, काही कामे महार समाजाकडे. हे वाजवणे म्हणजे गावकीचे काम होते. मोबदला सुगीला मिळणारे धान्य, सणाला मिळणारे अन्न. बोलावले की जायचे. देवळासमोर वाजवायचे, देवळात पाऊल टाकायचे नाही. लग्नात वाजवायचे, पंगत उठल्यावर जेवायचे. नाही म्हणण्याची सोय या व्यवस्थेत ठेवलेलीच नव्हती.

१५/ निजामी राजवटीत आणखी एक बंधन होते. १९२९ च्या सुमारास निघालेल्या गश्ती क्रमांक ५३ नुसार जाहीर सभेसाठी पूर्वपरवानगी आवश्यक झाली. सभा अवघड झाली, तेव्हा गणेशोत्सव, मेळे, कीर्तने आणि भजने यांच्या आडोशाने लोक एकत्र येऊ लागले. उदगीरचे श्यामलाल व बन्सीलाल हे बंधू ज्या आर्य समाजाचे नेते होते, त्याचे भजनोपदेशक तर गाण्यातूनच प्रचार करीत. सत्तेला समूहगायनाची धास्ती वाटावी अशी ही परिस्थिती होती.

१६/ ती धास्ती १९३८ साली उघड झाली. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. बंदी आली, विद्यार्थी काढून टाकले गेले, अनेकांनी पुढचे शिक्षण नागपूरला घेतले. त्यांत पी. व्ही. नरसिंह राव होते. एकत्र येऊन काय गायचे, हे स्वतः ठरवण्याचा हक्क हा मुक्तिसंग्रामाचा एक प्रश्न बनला.

१७/ याच दशकात दुसरी आणि अधिक खोल उलथापालथ चालू होती. १९३० नंतर नाशिककडील भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा उभा केला. साचा तमाशाचा, गण, सवाल-जवाब, वग सारे होते. आशय मात्र शिक्षण, स्वाभिमान आणि गावकीची कामे नाकारण्याचा. तमाशात ढोलकी वाजवणारे हात तेच होते, पण आता ते स्वतःच्या सभेत वाजवत होते.

१८/ फेब्रुवारी १९४१ मध्ये, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली. लातूरपासून हे गाव फार लांब नाही. वतन म्हणजे वरकरणी हक्क, प्रत्यक्षात वेठ. तिच्यातून सुटका हा चर्चेचा गाभा होता. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर नवबौद्धांनी गावोगाव मेलेली जनावरे ओढणे आणि हुकुमाने वाजवणे थांबवले. त्याची किंमत अनेक ठिकाणी बहिष्काराच्या रूपाने मोजावी लागली.

१९/ नकारातून शांतता निर्माण झाली नाही, नवे संगीत निर्माण झाले. मराठवाड्यात त्याला ‘गायन पार्टी’ म्हणतात. पेटी, ढोलक, तबला, पुढे बँजो, आणि मागे कोरस. मांडणी कव्वालीच्या चौकीची : मुख्य गायकाची ओळ, साथीदारांचा उचल, टाळ्यांचा ठेका. दोन पार्ट्यांचा सामना रात्रभर रंगे. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी खेडोपाडी फिरून या पार्ट्यांना गाणी पुरवली. त्यांच्या शब्दांवर मराठवाड्यातील कितीतरी गायक घडले.

२०/ या गाण्यांमागील पण किती मोठा होता, हे १९७८ साली दिसले. २७ जुलै रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांची ऑगस्टमध्ये हत्या झाली. ते मातंग समाजातील होते. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ही नावे पुढे जयंतीच्या मंचावरील गाण्यांत आली.

२१/ ज्याला शहर ‘बँड’ म्हणते त्याची वाट छावणीतून येते. इंग्रजी अधिकाऱ्यांच्या हाताखालील हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथे होत्या. पहिले ठाणे नांदेडजवळचे, दुसरे लातूरजवळचे. देशभर लष्करी वाद्यांनी छावणी ओलांडून लग्नमंडप गाठला; पितळी तुताऱ्या, क्लॅरोनेट आणि गणवेश वरातीपुढे आला. सनई-चौघड्याची जागा कवायतीच्या धूनीने आणि पुढे चित्रपटगीतांनी घेतली.

२२/ बँडपथकांत मातंग समाजातील वादक मोठ्या संख्येने आले. हे स्थित्यंतर लक्षात घेण्याजोगे आहे. हलगीच्या बदल्यात धान्य मिळे, बँडला रोख सुपारी मिळू लागली. गिऱ्हाइकाने इसार द्यायचा, तारीख ठरायची, वेळ ठरायची. दोन घरांची तारीख एकच आली तर एकाला ‘जमत नाही’ असे सांगता येऊ लागले. पथकाला मालक, नाव आणि पाटी मिळाली. वाजवणारे तेच राहिले, पण ते आता बलुतेदार नव्हते, व्यावसायिक होते.

२३/ व्यवसायाला मात्र पावसाची दोरी होती. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो, आषाढ लागला की बँड गुंडाळून ठेवावा लागतो. उरलेले दिवस शेतमजुरी किंवा ऊसतोड. १९७२ च्या दुष्काळात, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले त्या वर्षी, ज्या गावांत पाण्याचीच विवंचना होती तेथे वाजतगाजत लग्न कोण करणार? पीक बुडाले की पहिली काटछाट वाजंत्र्यावर येते.

२४/ मोठा ताफा परवडेना, तेव्हा ‘बँजो पार्टी’ आली. या बँजोचा अमेरिकी बँजोशी संबंध नाही. १९१२ साली जपानमध्ये गोरो मोरिता यांनी ‘ताइशोगोतो’ नावाचे कळा असलेले तंतुवाद्य तयार केले. भारतात ते बुलबुलतरंग म्हणून रुजले. विजेवर जोडल्यावर एकाच माणसाच्या बोटांतून सारी वरात नाचेल एवढा आवाज निघू लागला. जपानी वाद्य, हिंदी चाल, मराठवाडी ठेका, आणि हातगाडीवर भोंगे.

२५/ ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गावे झोपली होती. लातूर-उस्मानाबादच्या त्या पट्ट्यात सुमारे ८ हजार माणसे गेली. घरे पुन्हा बांधता आली. वर्षानुवर्षे शेजारी बसून गाणाऱ्यांचे भजनी मंडळ मात्र कोणत्याही पुनर्वसनाच्या योजनेत मोजता येण्यासारखे नव्हते. चाली माणसांच्या तोंडी होत्या, वहीत नव्हत्या.

२६/ शास्त्रीय संगीताची वाट वेगळी राहिली. पंडित नाथराव नेरळकर नांदेडचे. त्यांचे प्रारंभीचे शिक्षण तेथे अण्णासाहेब गुंजकर यांच्याकडे झाले आणि पुढे त्यांनी औरंगाबादला शिष्यवर्ग घडवला. रीतसर शिकलेला गवई मोठ्या शहराकडे जातो, कारण मैफल तेथे असते. फड, पार्टी आणि पथक मात्र जागा सोडत नाहीत, कारण त्यांचा प्रसंग याच मातीत असतो.

२७/ एकविसाव्या शतकात डीजे आला. एक वाहन, एक यंत्र, दोन माणसे. वीस जणांच्या पथकाचे काम तेवढ्यात होऊ लागले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० नंतर भोंग्यांवर मर्यादा घातली, तरी दिवसाची वरात डीजेकडेच गेली. मार्च २०२० च्या टाळेबंदीने ऐन लग्नसराई बंद पडली. ज्यांच्याकडे शेत नाही, दुसरा धंदा नाही, अशा वादकांचे हाल सर्वाधिक झाले.

२८/ याच काळात हलगीला एक नवी जागा मिळाली. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. लातूरही त्याच्याच कक्षेत आले. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत लोकवाद्यवृंदाची स्पर्धा असते. हलगी, संबळ, ढोलकी, दिमडी, तुणतुणे असे जन्माने वेगवेगळ्या वस्त्यांत राहिलेले समूह तेथे एका मंचावर येतात. वाजवणाऱ्या मुलामुलींना जात विचारून वाद्य दिले जात नाही.

२९/ यात आनंद मानताना एक सावधगिरी हवी. मंचावर हलगीला टाळ्या मिळतात. काही गावांत मात्र वाजवायला नकार देणाऱ्या कुटुंबाकडे आजही वाकड्या नजरेने पाहिले जाते. वाद्याला प्रतिष्ठा मिळणे आणि वादकाला प्रतिष्ठा मिळणे या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिली स्पर्धेच्या एका दुपारी घडू शकते, दुसरीला तडवळ्याच्या परिषदेपासून आजपर्यंतचा काळ पुरलेला नाही.

३०/ म्हणून नांदेड-लातूरच्या संगीतसमूहांकडे पाहताना प्रकार मोजण्यापेक्षा करार पाहावा. जथ्याचा करार ग्रंथाशी आहे, मंडळाचा भक्तीशी, गोंधळ्याचा कुळाचाराशी, बँडचा इसाराशी आणि गायन पार्टीचा चळवळीशी. हलगीचा करार तेवढा तिच्या वादकाला न विचारता झाला होता. तो मोडण्याचे काम गेल्या शंभर वर्षांत गाण्यातूनच झाले. माळेगावच्या यात्रेत हलगी पुढच्या वेळी कानावर पडेल, तेव्हा ती वाजवणारा सुपारी घेऊन आला आहे की हुकुमावरून, एवढे विचारून पाहावे. (समाप्त)